तुकडेबाईंचा जांभळा

शाळेत त्यांना सगळे तुकडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मुलांची कुजबुज म्हणजे दवंडीच, त्यामुळे बाईंना ते पहिल्याच वर्षी कळलं, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. नाव ठेवणाऱ्याने निदान डोळे उघडे ठेवले होते. बाईंच्या पिशवीत, टेबलाच्या खणात, चष्म्याच्या घरात, कुठेही हात घाला, मेणखडूचा एखादा तुकडा हाताला लागायचाच. रस्त्यात पडलेला खडू दिसला की बाई वाकायच्या. भर गर्दीत वाकायच्या. मागून येणारा त्यांच्यावर आदळायचा आणि चार शब्द सुनवायचा. बाई खडू झटकून त्यालाच दाखवायच्या, "अहो, अजून निम्मा आहे बघा."

चित्रकलेला त्या शाळेत किंमत किती, तर जिन्याखालच्या खोलीइतकी. खोलीच्या कोपऱ्यात ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, आणि मधल्या सुट्टीत अख्खी शाळा डोक्यावरून धडधडत जायची. नवे रंग मागितले की मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, "बघू हं" म्हणायच्या. त्या 'बघू'ची वाट बघून बाईंचे केस पांढरे व्हायला लागले, तेव्हा त्यांनी मागणं सोडलं आणि कोंड्याचा मांडा करायला घेतला.

मांडा असा व्हायचा. वर्ष संपत आलं की मुलं घराघरांतून मोडके खडू घेऊन यायची. ते सगळे एका मोठ्या टोपलीत ओतायचे. टोपलीतून टबात, टबातल्या कोमट पाण्यात भिजत घालायचे, कागद सुटला की नखांनी सोलायचे, मग रंगाप्रमाणे निवडायचे. एका मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात एकेका रंगाचा डबा उभा करायचा. मेण पातळ झालं की डबा पकडीने धरून बाई स्वतः ते साच्यात ओतायच्या. साचे म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाचे बोटभर तुकडे, आतून तेलाचं बोट फिरवलेले, खालून मातीने बुजवलेले. सगळं गार झालं की मागून काठीने ढकलायचं आणि नवा कोरा खडू पुक करून बाहेर यायचा. त्या 'पुक'साठी मुलं वर्षभर शाळेत येत, असं बाईंचं मत होतं, आणि गणिताच्या सरांना ते पटत नसलं तरी खोडून काढता येत नव्हतं.

एक नियम मात्र कडक होता. टोपलीत पडला तो खडू कोणाचाच नाही. पहिल्या वर्षी दोन बहिणी एका गुलाबी तुकड्यावरून इतक्या भांडल्या होत्या की एकीच्या हातात दुसरीची वेणी राहिली. तेव्हापासून कोणाचा खडू कुठला हे विचारायचं नाही, सांगायचं नाही. नवे खडू कापडी पिशवीत टाकायचे, डोळे मिटून हात घालायचा, येतील ते तीन घरी न्यायचे. "अख्खा खडू मूल वापरत नाही, सांभाळत बसतं," बाई म्हणायच्या. "जो कोणाचाच नाही तोच खरा वापरला जातो."

पाइपाचे तुकडे यायचे घरातूनच. बाईंचे यजमान नळजोडणीची कामं करायचे. मुलं त्यांना नळकाका म्हणत. खडू करायच्या दिवशी सकाळी ते सायकलवर साचे, पकड आणि घरी वर्षभर साठलेले तुकड्यांचे डबे बांधून शाळेत आणून टाकत, सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवत आणि कामावर निघून जात. माणूस मुळातच कमी बोलणारा. नळ गळतो का, एवढ्या एका विषयावर त्यांना भरभरून बोलता यायचं.

घरात कपाटावर डब्यांची चळत असायची. खोकल्याच्या गोळ्यांचे चपटे पत्र्याचे डबे, सगळे एकसारखे. बाई ते ओळखीच्या औषधवाल्याकडून आणायच्या आणि सापडलेले तुकडे त्यात टाकायच्या. त्यातलाच एक डबा त्यांच्या मुलाचा होता.

मुलाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आठ वर्षांचा होता. तापाचं निमित्त झालं, ताप गेला, परत आला, आणि मग जायचं नावच घेईना. त्याच्या आजारपणावर सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्या घरात ते कोणी सांगत नव्हतं, त्याचं नावही कोणी घेत नव्हतं, म्हणून इथेही नको. नवरा-बायकोंनी बसून तसं ठरवलं नव्हतं. न बोलता ठरलेल्या गोष्टी फार पक्क्या असतात, मोडायच्या तरी कोणाला विचारून मोडणार?

या पोराला एकच रंग आवडायचा, जांभळा. माणसं जांभळी, कुत्रा जांभळा, सूर्यसुद्धा जांभळा. "घरात चित्रकलेची बाई आणि पोराला एकच रंग!" म्हणून शेजारीपाजारी हसत. तो खडू चावायचाही. विचार करायला लागला की खडू दाढेखाली. शेवटी शेवटी बोटांतून खडू निसटायला लागला, तेव्हा नळकाकांनी त्याच्या खडूंना जखमेवर लावतात ती चिकटपट्टी गुंडाळून दिली होती, पकड घट्ट बसावी म्हणून. त्या डब्यात सात-आठ जांभळे तुकडे होते, पट्टी गुंडाळलेले, दातांच्या खुणांचे. नवरा कामावर गेलेला असला की बाई कधीतरी डबा खाली काढायच्या. एखाद्या तुकड्यावरच्या दाताच्या खाचेत नखाचं टोक ठेवायच्या. बरोबर बसायचं. मग डबा पुन्हा चळतीत.

डब्यावर त्यांनी खूण केली नव्हती. खूण केली असती तर नवऱ्याने विचारलं असतं, हे काय, आणि मग सांगावं लागलं असतं. तो डबा खालून दुसरा असतो एवढं आपल्याला माहीत आहे, बास झालं, असं त्यांना वाटायचं. शहाण्या बाईने असा वेडेपणा करावा याचं नवल वाटेल, पण दुःख जपणारी माणसं सगळीकडे शहाणी असतात आणि तेवढ्या एका जागी नसतात.

त्या वर्षी घरात उंदीर झाले. बाई शाळेत असताना नळकाकांनी कपाट हलवलं, बीळ बुजवलं, डबे उतरवून पुन्हा रचले. कसे रचले, ते त्यांच्या लक्षात राहायचं काहीच कारण नव्हतं. खडू करायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे खालचे दोन डबे बाजूला ठेवले आणि वरची चळत दोरीने बांधून दाराशी आणून ठेवली. उघडून बघायची गरज वाटली नाही. इतक्या वर्षांत कधी पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली नुसता गोंधळ होता. तिसरीचा वर्ग, चाळीस मुलं, कोपरापर्यंत रंगलेले हात. त्या वर्षी जांभळा कमी पडला होता. बाई म्हणाल्याही, "यंदा जांभळा काही होत नाही बुवा, लाल-निळा मिसळून बघू." तेवढ्यात टबापाशी सोलत बसलेली मुलं ओरडली, "बाई, जांभळा! जांभळाच जांभळा!" कोणीतरी घरून आलेला डबा टबात उपडा केला होता. बाई पातेल्यापाशी घामाघूम झालेल्या. तिथूनच त्यांनी मान वळवली, लांबूनच ओंजळभर सोललेले, धुतलेले, चकाकणारे तुकडे पाहिले आणि हसून म्हणाल्या, "वा! हे घबाड कोणाच्या घरचं?" मग नियम आठवून जीभ चावली. "नको नको, सांगू नका. टाका डब्यात."

टाकले. पुरेसं व्हावं म्हणून बाईंनी थोडा लाल-निळाही घातला आणि स्वतः ढवळलं. जांभळा इतका सुंदर उतरला की त्यांनी दोन साचे जास्तीचे भरले. पिशवी फिरली, मुलांनी डोळे मिटून तीन-तीन खडू उचलले, घंटा झाली, आणि खोली रिकामी झाली.

बाई टब उपसायला बसल्या. तळाशी भिजलेल्या कागदाचा लगदा होता. तो मुठीने काढून बादलीत टाकताना हाताला काहीतरी चिवट लागलं. ओढून बघितलं तर पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी. सुटली होती, तरी वळण तसंच होतं. नळाच्या आट्यांवर दोरा गुंडाळतात तशी, एका बाजूने तिरकी चढत गेलेली, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. दवाखान्यातली नर्स अशी पट्टी गुंडाळत नाही, आई गुंडाळत नाही. नळवाला गुंडाळतो.

आधी त्यांना वाटलं, नाही. मग त्यांनी सगळा लगदा उपसून पाहिला आणि आणखी सहा गुंडाळ्या निघाल्या. त्या आपल्याच हसण्याचा आवाज ऐकत होत्या. 'वा! हे घबाड कोणाच्या घरचं?' आपण म्हणालो. आपण ढवळलं. त्यांनी पातेल्यात हात घातला, पाणी अजून पोळत होतं, त्यांना ते कळलं नाही. जांभळ्याच्या डब्याच्या तळाशी नखभर मेण राहिलं होतं. ते त्यांनी नखाने खरवडून काढलं आणि मुठीत धरून त्या रडल्या. वरून शाळा सुटल्याचा धडधडाट गेला, म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

घरी त्यांनी हातपाय धुतले. जेवण केलं, वाढलं. नळकाकांनी विचारलं, "झाले का खडू?" त्या म्हणाल्या, "झाले."

रात्र कशी गेली ते त्यांनाच माहीत. सकाळी मात्र त्यांचं ठरलं होतं. सगळे जांभळे खडू परत घ्यायचे. कोणत्या खडूत तो किती आहे, ते कळणार नव्हतं, पण सगळे मिळून तर सगळा होता. चाळीस मुलांत वाटले गेलेले वीसेक खडू. मुलांना सांगायचं, मला हवेत, आणि मुलं देतील. आपली मुलं चांगली आहेत.

वर्गाच्या दारात उभं राहीपर्यंत हे सगळं सोपं होतं. चाळीस तोंडं वर झाली. आता कोणीतरी विचारणार, का हो बाई? आणि मग या चाळीस जणांसमोर ते दोन शब्द उच्चारायला लागणार, जे घरात नवऱ्यासमोरसुद्धा इतक्या वर्षांत उच्चारले नव्हते. माझा मुलगा. बाईंनी तोंड उघडलं, आणि जिभेने भलतीच वाट धरली.

"कालच्या जांभळ्या खडूत काहीतरी चुकलंय," त्या म्हणाल्या. "हाताला खाज येईल त्याने. उद्या सगळ्यांनी आपापले जांभळे परत आणायचे. वापरायचे नाहीत. एकही ठेवायचा नाही."

पहिल्या बाकावर एक चष्मिस मुलगी होती. चष्मा जाड, प्रश्न त्याहून जाड. तिने हात वर केला. "बाई, मग बाकीचे रंग?"

"बाकीचे चांगले आहेत."

"पण सगळे एकाच पातेल्यात होते ना?"

"डबे वेगळे होते."

"आणि सोलताना? सगळे एकाच टबात—"

"तू खाली बस," बाई म्हणाल्या. वर्गात असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. मुलगी बसली, पण चष्म्यामागून बघत राहिली.

खाज ही जांभईसारखी असते, एकाला आली की बाकड्याबाकड्यावर पसरत जाते. मधल्या सुट्टीपर्यंत निम्मा वर्ग खाजवत होता. एकाच्या हातावर डास चावल्याचे चट्टे होते, ते सगळ्या शाळेने रांग लावून पाहिले. संध्याकाळी ही बातमी घरोघर गेली, आणि जाताना वाटेत तिला पाय फुटले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी आयांचा घोळका. "कसले कसले कचऱ्यातले रंग पोरांच्या हातात देता?" "आमच्या घरात धाकटं रांगतंय, त्याने तोंडात घातला असता म्हणजे?" एक आई म्हणाली, "मी तर तिन्ही खडू तेव्हाच कचऱ्यात टाकले." दुसरी म्हणाली, "मीही." एका वडिलांनी संडासात टाकून पाणी सोडलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

बाई मनात मोजत होत्या, एकेक खडू कमी होत होता. खडू परत यावेत म्हणून जे खोटं बोललो, त्या खोट्यानेच ते चालले होते. बाईंनी पहिल्या आईचा हात धरला. "कुठल्या कचराकुंडीत? कधी टाकलेत?" बाईंचं तोंड बघून ती बिचारी घाबरली, तिला वाटलं रंग विषारीच असणार. तास सोडून बाई त्या गल्लीत गेल्या. कुंडी नुकतीच रिकामी झालेली, तळाशी ओलं काळं पाणी. तरी त्यांनी वाकून पाहिलं. जाणारा-येणारा एक जण थांबला, पण या वेळी त्याला दाखवायला त्यांच्या हातात काही नव्हतं.

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, फक्त घाबरट होत्या. "हे टाकाऊतून टिकाऊ पुरे झालं आता," त्या म्हणाल्या. "मला पालकांना तोंड द्यावं लागतं. ती शेगडी आणि साचे आजच्या आज उचला. रंग ज्याने त्याने घरून आणायचे, विकतचे."

"ज्यांच्याकडे नसतील?"

"बघू हं."

एरवी बाई यावर तासभर भांडल्या असत्या. इतक्या वर्षांचं काम एका वाक्यात गेलं होतं, आणि त्यांच्या तोंडून निघालं एवढंच, "परत आलेले जांभळे मी घरी नेऊ का?"

"काय करणार त्यांचं?"

"टाकून देते," बाई म्हणाल्या. दुसरं खोटं पहिल्याइतकं जड गेलं नाही.

परत आलेले खडू होते अकरा. बाईंनी ते रुमालात बांधले. कचऱ्यात, संडासात गेलेले वजा केले, तरी एक कमी पडत होता. चष्मिस दोन दिवस शाळेतच आली नव्हती.

तिचं घर एका दुकानाच्या मागे, एकच खोली. आई दारापाशी उजेडाला बसून शिलाई मशिनवर गणवेश शिवत होती. बाईंना बघून ती धडपडत उठली, खुर्चीवरचे कपडे जमिनीवर टाकून म्हणाली, "बसा ना बाई. हिचं पोट बिघडलंय म्हणून पाठवली नाही. ते खाजेचं कानावर आलं, पण हिला काही झालं नाही बघा."

चष्मिस आतल्या भिंतीशी पालथी पडून चित्र काढत होती. खडू जांभळा होता. अर्ध्याहून जास्त संपलेला.

"तुला सांगितलं होतं ना आणायला?" बाई म्हणाल्या.

मुलीने दोन्ही तळहात पुढे केले. "बघा. काही झालं नाही. मी कालपासून वापरतेय."

"दे तो इकडे."

"तुम्ही खोटं बोललात ना बाई?" तिने भांडायला नव्हतं विचारलं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आई दारातून ओरडली, "बाईंशी असं बोलतात?" मुलीने खडू मुठीत धरला. बाईंनी तिची मूठ उघडली. एकेक बोट उघडावं लागलं. आयुष्यभर मुलांच्या हातात खडू दिले, काढून घेतला तो हा पहिलाच, आणि त्याला जोर लागला.

मग त्यांचं लक्ष चित्राकडे गेलं. मशिनवर वाकलेली आई होती. मशिनचं चाक, पायडल, आईच्या पाठीचा बाक, सगळं जांभळं, आणि पोरीने इतकं दाबून रंगवलं होतं की कागद जड झाला होता. चांगलं होतं चित्र. बाईंना एरवी ते ताबडतोब दिसलं असतं. आज त्यांना एवढंच दिसलं की संपलेला अर्धा खडू इथे लागलाय.

"हेपण दे," त्या म्हणाल्या.

"ते माझं आहे!"

"दे म्हणते ना."

मुलगी रडायला लागली. आईला काय करावं कळेना. तिने शेवटी कागद पोरीच्या हातातून घेतला आणि बाईंना दिला, बाईंना नाही कसं म्हणायचं? पण देताना तिने बाईंकडे पाहिलं नाही. "दुसरं काढ गं, रडू नको," ती पोरीला म्हणाली. "कशाने काढू?" पोरगी म्हणाली. बाई तेवढ्यात बाहेर पडल्या होत्या, तरी ते त्यांना ऐकू आलं, आणि त्या मागे फिरल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी रुमाल टेबलावर सोडला. अकरा खडू, बारावा थोटका, डब्याच्या तळातलं नखभर मेण, ते चित्र, आणि कोरड्या झालेल्या सात पट्ट्या. बाई एकेक खडू उचलून नाकाशी धरत होत्या. सगळ्यांना एकच वास होता, मेणाचा. खिडकीशी नेऊन पाहिले. सगळे एका रंगाचे. त्यांनी इतकं छान ढवळलं होतं. त्यांना तेव्हा वाटलं, आपण आता वेड्या होऊ, आणि झालो तर बरं.

दार वाजलं. नळकाका हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवत आत आले. "आज लवकर सुटलो," म्हणाले, आणि टेबलापाशी थांबले. आधी त्यांनी खडू पाहिले, त्यात विशेष काही नव्हतं. मग पट्ट्या पाहिल्या. एक उचलली. वाकलेल्या वेढ्यांवरून अंगठा फिरवला.

"ही मी गुंडाळलेली आहे," ते म्हणाले.

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"तू ठेवले होतेस ते?"

"कपाटावर. डब्यात."

"कुठल्या डब्यात?" हे विचारता विचारताच त्यांना कळलं. ते खाली बसले. "मी हलवले होते. ते उंदरांच्या वेळी. मीच नेले सायकलवर." त्यांनी पट्टी हळूच खाली ठेवली. "सांगायचंस तरी."

"कसं सांगणार होते?" बाई एकदम ओरडल्या. "तुम्ही कधी बोललात? एकदा तरी नाव काढलंत? मला वाटलं, तुम्हाला आठवायलाच नको आहे. म्हणून लपवून ठेवला. लपवला म्हणून गेला. मी हाताने ढवळला हो त्याला. हसत हसत ढवळला." आणि मग सगळंच बाहेर आलं. वर्गातलं खोटं, कचराकुंडी, बंद झालेलं काम, त्या पोरीची मूठ. "लहान पोरीची बोटं उघडली मी," त्या म्हणाल्या. "चित्रसुद्धा काढून घेतलं तिचं."

नळकाकांनी चित्र जवळ ओढलं. नीट पाहिलं. "हे तिला देऊन ये उद्या," ते हळूच म्हणाले. "खडूही दे तिचा. तिचा आहे तो."

बाईंनी मान हलवली, हो की नाही ते त्यांनाही ठरवता आलं नसतं. थोड्या वेळाने त्यांनी चित्र आणि थोटका बाजूला ठेवला.

टेबलावर अकरा राहिले. नळकाका त्यांच्याकडे बघत होते. कामाने सुजलेली, चिरा पडलेली बोटं त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवली होती, पुढे केली नव्हती.

"मला एक देशील?" त्यांनी विचारलं.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं तो डबा आपल्या एकटीचा होता. हा माणूस मागेल, यालाही काही हवं असेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांनी एक खडू उचलला. ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. द्यायचा नव्हता असं नाही. नेमका कोणता द्यायचा तेच कळेना. शेवटी डोळे मिटून त्यांनी एक पुढे केला.

नळकाकांनी तो तळहातावर घेतला. उजेडाकडे धरला.

"यात असेल का गं तो?"

बाईंना 'हो' म्हणता आलं असतं. दोन दिवसांत त्या अख्ख्या शाळेशी खोटं बोलल्या होत्या. "माहीत नाही हो," त्या म्हणाल्या.

नळकाकांनी थोडा विचार केला.

"मग दोन दे," ते म्हणाले.

बाईंनी दोन दिले. मग जरा थांबून आणखी एक दिला.